कोरड्या पाटावरच्या आसरा

परवा पाटाला पाण्याची उन्हाळी पाळी सुटली आणि मी घरातून उठून लांब, चिंचेच्या पलीकडे जाऊन बसले. पाण्याचा आवाज नको होता. तो तिथंही आला.

कोरड्या पाटात पाणी शिरतं तेव्हा आधी पाणी दिसत नाही. आधी वास येतो, तापलेल्या धुळीचा आणि कुजक्या पाल्याचा. मग काहीतरी सरपटत येतंय असा आवाज. मग पाण्याचं तोंड दिसतं. पिवळा फेस, काटक्या, कुणाची तरी तुटकी चप्पल, शेळीच्या लेंड्या, आणि या सगळ्याच्या पुढं जीव घेऊन पळणारे किडे. काठावर बगळे टपलेले. माझे वडील, आबा, खोरं खांद्यावर टाकून त्या तोंडाच्या बरोबरीनं चालत येतात. पाहुणा आणायला वेशीवर गेल्यासारखे. चेहराही तसाच.

लहानपणी मलाही हे सुख वाटायचं. पाळी सुटली की आम्ही पोरी पाटात पाय सोडून बसायचो. उसाच्या सरीत पाणी भरताना जमीन चुरचुर आवाज करते, तो ऐकत आबांच्या मागं फिरायचो. पाणी कुठून येतं हा प्रश्न कधी पडला नाही. वरून येतं. वर म्हणजे कऱ्हाडकडून. खोडशीला कृष्णेला आडवा बंधारा घातलाय, इंग्रजांनी घातलाय, तिथून येतं. शाळेत एवढंच होतं. बंधारा कुणी घातला याचं उत्तर इंग्रजांनी. मी नंतर विचारायला लागले की इंग्रज टिकाव घेऊन उतरला होता का. मास्तर म्हणाले, बस खाली.

आबांचे आजोबा सांगत म्हणे, की पाट खणायला माणसं वरच्या कोरड्या मुलखातून आली होती. खटावकडची, माणकडची. पोरंबाळं, शेळ्या, गाडगीमडकी घेऊन आली. माती वाहिली, दगड फोडले, आणि पाटाला पाणी सुटायच्या आत परत गेली. पाणी त्यांच्या गावाकडे जाणारच नव्हतं. उतार इकडचा होता. मी सभेत जे बोलते तेच इथं लिहिते, शब्द बदलत नाही. आपल्याकडच्या कालव्यांचा इतिहास लिहायचा झाला तर तो दोन गावांचा लिहावा लागेल. एका गावानं खणलं, दुसरं गाव भिजलं. आम्ही भिजलेल्या गावातले. माझी आई खणणाऱ्या गावातली.

आईचं माहेर खटावात, वडूजच्या पुढं. एसटी सोडली की पाऊलवाटेनं चालायचं, दोन्हीकडं कुसळं आणि मधेच एखादं बाभळीचं झाड. तिथं माझा मामा आणि मामी. मामा फौजेतून हवालदार होऊन आलेला. सकाळी दाढी केल्याशिवाय बैलाला हात लावत नसे. गावात त्याला फौजी म्हणत. त्याच्या दोन बांधांपलीकडं बाबालाल मुलाणी. मामाचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्याकडं वाफा म्हणावा एवढीच जमीन, आणि तोंड मात्र एकरभर.

त्या दोघांच्या मधे मामाची विहीर होती.

विहीर मोठी नव्हती. पण तिचं पाणी शहाळ्यासारखं गोड आहे असं गाव म्हणायचं, आणि ती कधी आटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फाल्गुनात खाली जायची, गुडघाभर उरायची, तिथं थांबायची. आत उतरायला दगडी पायऱ्या. शेवटच्या पायरीजवळ कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड. त्या आसरा. पाण्याच्या बाया. विहीर त्यांच्या जिवावर असते, असं आमच्या बायका मानतात. मामी दर मंगळवारी त्यांना दहीभात ठेवायची आणि वर येताना त्यांच्याकडं पाठ करायची नाही. मी कॉलेजात सांगलीला शिकत होते, तेव्हा मला हे सगळं खुळेपण वाटे. आता वाटतं, त्या गावात विहिरीची एवढी काळजी दुसरं कोण घेत होतं.

मग तो मोठा दुष्काळ आला. त्यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी नव्यानं सांगत नाही. बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, कामावर वाटायच्या सुकडीच्या गोण्या, छावणीतल्या गुरांच्या बरगड्या. कॉलेजच्या सुट्टीत मी मामाकडं गेले ती आईनं दिलेलं ज्वारीचं गाठोडं पोचवायला, आणि राहिले उन्हाळाभर. त्या उन्हाळ्याचा उजेड अजून डोळ्यात खुपतो. आभाळ पांढरं. जमीन पांढरी. माणसं तेवढी काळी पडलेली, माळावर ओळीनं वाकलेली. दुष्काळी काम निघालं होतं आणि ते काम कालव्याचं होतं.

गावाला वाटलं, देव पावला. खडी फोडायला सांगितली असती तर फोडली असतीच की. पण इथं आपणच आपल्या दारात पाट खणायचा. माळावर चुन्याची रेघ मारली होती, दोन रेघा, मधून पाणी जाणार. बायका पाटी टाकायला जाताना त्या रेघेवर पाय पडू देत नव्हत्या. ओलांडून जात. मी स्वतः बघितलंय.

रेघ मामाच्या विहिरीवरून गेली होती.

ओव्हरसियर माणूस वाईट नव्हता. टोपी काढून घाम पुसत म्हणाला, "हवालदार, अर्ज द्या. थोडं वळण घेता येईल. विहीर वाचेल."

मामानं रेघेकडं बघितलं. वळण घेतलं की पाट बाबालालच्या वाफ्यातून जाणार होता. वाफा संपणार होता.

"वळान कशाला?" मामा म्हणाला. "पाट सरळच बरा. पानी दारात आल्यावर हीर घेऊन काय पूजा करायची हाय का?"

बाबालाल शेजारी टिकावावर रेलून उभा होता. म्हणाला, "फौजी, माझ्यापायी करू नगंस हां. माझ्या वाफ्यात काय केसर पिकत न्हाई."

"तू गप. तुझ्यापायी कोन करतंय? सरकारनं रेघ मारलीया ती काय तुझं त्वांड बघून?"

मामीनं पाटी खाली ठेवली. सगळ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून ती माझ्याकडं बघून बोलली. "सांग तुझ्या मामाला. पानी येऊ दे. पानी आलं की बुजवू."

मामा म्हणाला, "हुकूम तसा न्हाई."

त्याच्या दृष्टीनं विषय संपला. फौजेत त्यानं बर्फात चर खणले होते, कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते कामाला आले होते. हुकूम आला म्हणजे पुढचं कुणीतरी बघतंय, अशी त्याची खात्री होती. ही खात्री भोळ्या माणसाची नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसाची आहे. तिचा कुणी असा वापर केला की मला संताप येतो, आणि तो मी आवरत नाही.

आसरा हलवायच्या दिवशी मामीनं उपास केला. विहिरीत उतरून तिनं एकेक दगड उचलून पाटीत ठेवला, खाली पळसाची पानं, वर ओलं फडकं. त्यांना ऊन लागू नये म्हणून. गावातल्या बायका मागं. नव्या पाटाच्या काठावर मातीचा ओटा करून त्यांना मांडलं, तोंडं पाटाकडं केली. समोर पाणी आलं की त्यांना दिसावं. खणानारळानं ओटी भरली. पाटात तेव्हा फक्त माणसांच्या पावलांचे ठसे होते. बाबालालच्या आईनंही एक हिरवी बांगडी आणून ठेवली, आणि कुणी तिला तू का म्हणून विचारलं नाही.

मग विहीर बुजवली. पाटातून निघालेला मुरूम तिच्यातच टाकला. पाट्यांमागून पाट्या. आधी खाली डुब्ब असा आवाज यायचा, पाण्यात पडल्याचा. मग चिखलात पडल्यासारखा. मग मातीवर माती. तो आवाज बदलत गेला तो मी काठावर बसून ऐकला. मामी त्या दिवशी कामावर होती. तिनंही पाट्या टाकल्या. मुकादम हजेरी घेत होता.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. बरा पडला. आणि काम बंद झालं.

एवढंच. कुणी कालवा रद्द केला नाही, कुणी फसवलं असंही म्हणता येईना. दुष्काळ संपला, म्हणून कालवा संपला. कारण कालवा पाण्यासाठी काढलाच नव्हता. उपाशी माणसं शहराच्या वाटेला लागू नयेत म्हणून त्यांना गुंतवून ठेवायची ती जागा होती. खोदाई मोजता यावी म्हणून मधे मधे मातीचे खांब तसेच सोडतात, काम झालं की तेही काढायचे असतात. ते खांब अजून तिथं उभे आहेत. वर गवत उगवलंय. पाटाच्या तळात उभं राहून बघितलं तर छप्पर नसलेल्या जुन्या देवळाचे खांब वाटतात. एका टोकाला तो पाट एका टेकाडाला जाऊन थांबतो. दुसऱ्या टोकाला ओढ्याच्या अलीकडं. ज्या धरणातून पाणी यायचं ते धरण मी तरी कुठं बघितलेलं नाही.

आम्ही अर्ज केले. मोर्चे काढले. वडूजला मी पहिल्यांदा भाषण केलं तेव्हा माझ्या मागं एकजण म्हणाला, "फौज्याची भाची हाय. पलूसची. ह्यांच्या दारात पाट हाय आन् ही हितं वरडतीया." तो खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी सकाळी मी आबांच्या पाटात पाय धुऊन एसटीत बसले होते. प्रत्येक अर्जाला उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे. विचाराधीन पाण्यात भात शिजत नाही, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. लोक हसले. मामी हसली नाही. ती तेव्हा ओढ्याच्या वाळूत हातानं झिरा उकरून वाटीनं पाणी भरत होती. वाटी भरायला वेळ लागतो. मधे काहीतरी बोलावं म्हणून ती म्हणाली, "तुमच्यात म्हशी पाटात बसत्यात, व्हय गं?" मी व्हय म्हणाले. ती म्हणाली, "बसूं दे. त्यास्नीबी उन्हाचा तरास हुतो."

आसरांचा दहीभात मात्र चुकला नाही. दर मंगळवारी कोरड्या पाटाकडं तोंड करून बसलेल्या त्या सात दगडांपुढं ती जायची, आणि येताना पाठ करायची नाही.

या वर्षी ओढ्यातला झिराही गेला. महिन्याखाली बाबालाल सांगलीच्या बाजाराला आला तेव्हा मला शोधत पलूसला आला. चहा पुढं केला तर बशीत ओतून बघत बसला. म्हणाला, "ताई, फौजी सरकारी पाट खांदतोय. सरकारनं खांदल्याला पाट आमी परत खांदतोय. हीर काढतोय." मग स्वतःच म्हणाला, "आयला, किती येळा खांदायचा गं एकच खड्डा?"

मी गेले. पाटाच्या तळात, खांबांच्या मधे, मामा आणि बाबालाल कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होते. मामाची दाढी वाढलेली मी पहिल्यांदा बघितली. मामी वर माती ओढत होती. मीही पाटी घेतली. जो मुरूम निघत होता तो आम्हीच टाकलेला होता. मधेच एका पाटीची तुटकी कड निघाली. मामीनं ती ओळखली की काय कोण जाणे, बाजूला ठेवली. मग एका सकाळी टिकाव दगडावर वाजला. विहिरीची वरची पायरी. मामानं ती हातानं झाडली, टोपीनं पुसली.

त्यानंतर पायरीमागून पायरी लागत गेली. माणसं बघायला यायची, काठावर बसायची. "फौजी, पानी लागलं तर आमाला बी घागरभर हां," असं म्हणायची आणि जायची. थट्टा करायची पण थट्टेत दम नसायचा. एका दुपारी मामानं खालून मूठभर माती वर दिली. मामीनं ती गालाला लावली.

"गार लागतीया," ती म्हणाली.

बाबालाल म्हणाला, "सावलीतली माती गारच असती, वैनी."

मामीनं ती माझ्या हातात दिली. मी दाबून बघितली. गार होती. ओली होती की नाही ते मला कळलं नाही. उन्हानं माझे हात तापले होते, त्या हातांना काहीही गार लागलं असतं. मामीनं ती परत घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली.

साहेब आला तो दुसऱ्या दिवशी, जीपमधून. नवा होता, तरुण, माझ्याच वयाचा असेल. खड्ड्याच्या कडेला उभा राहून तो खरोखर घाबरला. "अहो, कालव्याच्या तळाला एवढं भगदाड? पाणी सोडलं तर सगळं इथंच जिरेल. काठ फुटेल. हे ताबडतोब बुजवावं लागेल."

मामी खड्ड्यात होती. तिथूनच म्हणाली, "येऊ द्या. पानी आलं की बुजवू."

कितीतरी वर्षांनी तेच वाक्य. या वेळी ती माझ्याकडं बघून बोलली नाही.

साहेबानं आवाज खाली आणला. म्हणाला, "बाई, मला तुमचं कळतं. पण गावाला तरी बघा. इथं रोजगाराचं काम काढतो मी, बुजवायचं. सोमवारपासून. गावातल्याच बायकांना काम मिळेल. नाहीतर या महिन्यात इथं दुसरं काम नाही."

मी भांडले. मला येतं तेवढं सगळं बोलले. कालवा कुठं आहे, धरण कुठं आहे, पाणी कुठल्या सालात येणार, लिहून द्या. तो ऐकून घेत होता. मी थांबल्यावर तो म्हणाला, "बाई, मीसुद्धा वर लिहितोच आहे." मामा सावधान उभा होता. साहेब निघाला तेव्हा मामाच्या तोंडून "जी साब" निघालं. सवयीचं. शब्द तोंडून गेल्यावर मामानं खाली बघितलं.

संध्याकाळी बाबालाल बांधावर येऊन बसला. बराच वेळ काडीनं दात कोरत राहिला. म्हणाला, "फौजी, माझ्याबी घरातनं जानार हाय सोमवारी, पाटी वतायला. आताच सांगतो. मागनं कळायला नको."

मामा म्हणाला, "जाऊ दे की. चूल हाय तुला बी."

सोमवारी बायका आल्या. पाट्या घेऊन आल्या. मामी सकाळीच खाली जाऊन बसली होती, शेवटच्या मोकळ्या झालेल्या पायरीवर, गुडघ्यात मान घालून. बायका कडेला उभ्या राहिल्या. कुणी पाटी ओतेना. मुकादम ओरडला नाही, तो सावलीत जाऊन बसला. त्यालाही माहीत होतं, या कामाची हजेरी मातीच्या मापावर आहे. माती पडली नाही तर दिवस बुडाला. ऊन चढलं. लहान पोरं रडायला लागली. शेवटी बाबालालच्या बायकोनं, रशीदाभाभीनं, पहिली पाटी ओतली. पार लांबच्या कोपऱ्यात, हळू, मामीच्या अंगावर खडा उडू नये अशी. मग दुसरीनं. "वैनी, जरा सरक गं." मामी सरकली. "जरा हिकडं, डोळ्यात जाईल." मामी तिकडं झाली. कुणी रडत होतं, कुणी पदरानं तोंड झाकून ओतत होतं. हात कुणाचा थांबला नाही. थांबवा असं म्हणायला मी तोंड उघडलं. कुणाला म्हणणार होते? साहेबाला म्हणता येतं, सरकारला म्हणता येतं. रशीदाभाभीच्या कडेवर पोरगं होतं.

मामी वर आली नाही. माती खालून वाढत गेली, आणि ती मातीबरोबर वर येत गेली. एक पायरी बुजली की ती वरच्या पायरीवर बसायची. पुन्हा पुन्हा. असं दोन दिवस चाललं. मंगळवारी तिसऱ्या प्रहराला ती पाटाच्या तळाशी आली. मामानं तिला वर घ्यायला हात पुढं केला. तोवर वर घेण्यासारखी उंचीच उरली नव्हती. ती नुसती उठून उभी राहिली, लुगडं झटकलं आणि रशीदाभाभीला म्हणाली, "माप नीट घ्यायला सांगा गं त्याला. कमी लिवतोय तो."

मंगळवार होता. तिनं पदराची गाठ सोडली आणि ती मूठ आसरांपुढं ठेवली. तोवर ती माती सुकून पांढरी झाली होती. दहीभात नव्हता. उलट्या पावलांनी मागं आली आणि मला विचारलं, "तुझ्या हातात दिल्ती तवा ओली हुती का गं ती? तू शिकल्याली हाईस. खरं सांग. ओली असली तर खाली पानी हाय. मग फुडच्या साली परत काढू."

मी म्हणाले, आठवून सांगते. दुसऱ्या दिवशी एसटी धरली.

आज पुन्हा इथं चिंचेखाली बसले आहे. मागच्या पत्रकांतून उरलेले कोरे कागद सोबत आणले होते, या सगळ्यावर पत्रक लिहायचं म्हणून. मागण्या लिहिल्या. त्या बरोबर आहेत, एकही मागं घेणार नाही. पण मामीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात बसत नाही. आबा तिकडून हाक मारतायत, दारं मोडायला ये, सरीत पाणी वळवायला ये म्हणून. आमची पाळी लागली. पाणी सरीतून चुरचुरत वर येतंय, माझ्या पायापर्यंत आलंय.

काठाची माती मुठीत घेऊन दाबली. बोटांमधून पाणी गळालं, मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. ओली माती अशी लागते. त्या दिवशी अशी लागली होती का, तेच आठवायला बघतेय. आबांना ओ दिलेली नाही. मूठ अजून उघडलेली नाही.